आबांनी उघडायला शिकवलेली दारं

४ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोनचा मनोराच आडवा झालाय, म्हणून पत्र. घाबरू नकोस, आम्ही सगळे जिवंत आहोत.

परवा भरदुपारी अंधारून आलं आणि पावसाच्या आधी वारा कोसळला. खांब वाकले, गल्लीतले पत्रे उडाले, शाळेचं छप्पर मैदानात जाऊन पडलं. आपली कापडाच्या मागांची शेड तेवढी वाचली. आबांनी नेहमीसारखी दोन्ही शटरं सताड उघडली होती. वाऱ्याला वाट दिली की तो मुकाट जातो, असं ते आता गल्लीभर सांगतायत. तू बाहेर सभा गाजवतेस, इथे आबा गाजवतायत! शेजारच्या शिंप्यासकट सगळे आता दारं उघडी ठेवायला लागलेत.

छप्पर गेलेल्यांची मुलं आपल्या मागांमध्ये झोपतात. ट्रक गेला तरी किंचाळत उठतात. तुटलेला धागा जोडायला बसलो तरी माझं लक्ष दाराकडेच. आभाळ रोज भरून येतंय.

तुझा,
बारक्या

९ मे

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. शटरं बंद करा! हे मी सभेतल्या आवाजात लिहिते आहे असं समज.

वारा काही एका दाराने येऊन दुसऱ्याने जाणारा पाहुणा नव्हे. तो आत घुसतो, फुगतो आणि छप्पर खालून उचलतो. वरून दुसरा वारा ते ओढतच असतो. त्या दिवशी तो शटरांच्या समोरून न येता भिंतीवर आदळला असणार, म्हणून वाचलात. इमारती तपासणाऱ्या एका इंजिनिअरला मुद्दाम विचारून आले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की आत मुलं किती झोपतात.

आबांचा शब्द आपल्या घरात कुणी मोडत नाही. मीही लहानपणी मोडला नाही. पण कुठल्याही बापाचा शब्द इतका मोठा नसतो, की त्याच्या भरवशावर लोकांची मुलं झोपवावीत! शटरांना आतून आडवे वासे ठोक. मुलांना भक्कम भिंतीशी बसव. आबांना माझं नाव सांग. रागावू देत. रागवायला माणूस उरला पाहिजे.

आशीर्वाद आहेतच. हिंमत मात्र तुझी तूच कर.

तुझी,
ताई

१५ मे

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं. पोरीला भाषण करायला छप्पर लागत नाही, म्हणाले आणि उठून गेले. पण सकाळी शिडीवर चढलेले दिसले. पत्र्याचे बोल्ट जागोजागी खालून वर उपसून आले होते. त्यांनी एकेकावरून बोट फिरवलं. खाली उतरून मला म्हणाले, वासे आण.

मग स्वतः दारोदार फिरले, की आता बंद ठेवा. लोक हसले. शिंपी म्हणाला, आबा, आधी तुमचं काय ते ठरवा! त्याची बायको ओली बाळंतीण. त्याने दार उघडंच ठेवलं.

काल दुपारी पुन्हा तसाच ढग उतरला. आबा माझ्या शेजारून निघाले आणि थेट शिंप्याच्या घरात शिरले. मी हाका मारल्या. त्यांनी दारातून हातानेच खूण केली, की शटर ओढ.

ओढलं, ताई. आबा बाहेर असताना ओढलं.

पुढचं धड आठवत नाही. पत्रे घणासारखे वाजत होते, मुलं माझ्या सदऱ्याला लोंबकळली होती, कुणीतरी आई आई ओरडत होतं. तो मीच होतो, असं नंतर कळलं. छप्पर राहिलं.

बाहेर आलो तर उघड्या दारांच्या दोन घरांवर पत्रा नव्हता. एकातल्या म्हातारीला खाटेवर घालून नेलं, अजून शुद्धीवर नाही. शिंप्याचं घर उभं होतं. आत आबा आणि शिंपी दाराला पाठ लावून, शिलाई मशीनला पाय रोवून बसलेले. कोपऱ्यात बाळ रडत होतं. कडीवरची आबांची बोटं मला एकेक करून सोडवावी लागली.

मी शटर ओढल्याचं रडत सांगायला लागलो. शटरचे खालचे आकडे नीट बसले होते का, एवढंच त्यांनी विचारलं. हो म्हणालो. मग रडतोस कशाला, म्हणाले.

माया आहेच तुझी. आज जवळ असतीस तर बरं झालं असतं.

तुझा,
बारक्या