भोजलीचं नाव

प्रिय मंजू,

परवा तुझा फोन मी मध्येच आपटला, तुला राग आला असेल. तुझ्या वाहिनीच्या चर्चेसाठी तुला माझी दोन वाक्यं हवी होती. देशाचं हार्टलँड म्हणजे प्रदेश की मानसिकता? दिल्लीच्या थंडगार खोलीतल्या त्या विद्वानांना सांग, आधी आमच्या इथून तेलीबांध्यापर्यंत रिक्षा ठरवून दाखवा, मग आमची मानसिकता काढा. वेगळं राज्य झालं, आमचं शहर राजधानी झालं, पण सिलतऱ्याच्या कारखान्यांची काजळी मी अजून रोज ओट्यावरून पुसते.

बाबा गेल्यापासून तुझं एकच. "आई, तिथं आपलं कोण आहे? घर विकून टाक." दिवाळीनंतर येते, असं मी कबूलही केलं होतं.

शेजारची भोजलीमावशी तुला आठवते. ते तिचं नाव नव्हे. तू रांगत होतीस तेव्हा, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यावर भोजली, म्हणजे टोपलीत रुजवलेले गव्हाचे कोंब, पाण्यात शिरवताना तिनं त्यातले पिवळे कोंब माझ्या कानामागे खोवले. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटातली, फिसकन हसले. तुझी आजी खेकसली, "हासून काय राहिली वं? जन्माची बहीण झाली ते तुही. आता तिचं नाव नाही घ्याचं कधी." तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या भोजली, अगदी भांडतानाही. "भोजली, तोर जीभ हे के टंगिया?" असं ती विचारायची. टंगिया म्हणजे कुऱ्हाड.

परवा तिच्या छातीत कळ आली. मुलगा भिलाईला. मीच तिला दवाखान्यात नेलं. तासाभरात ती गेली. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "माताजी, नाम बताइए इनका." लोकांची नावं विचारण्यात माझी बँकेतली नोकरी सरली, पण माझं तोंड उघडेना. "अनपढ़ हैं क्या?" तो म्हणाला. एरवी मी त्याला इंग्रजीतून सोललं असतं. तेवढ्यात तुझा फोन वाजला, प्रदेश की मानसिकता?

मुलगा पोचेपर्यंत ती तिथं बिननावाची पडून होती आणि मी तिच्याजवळ स्टुलावर. अजून रडू आलेलं नाही. चहा करते, प्यायचा विसरते. दशगात्राला, तिच्या दहाव्याला, तळ्यावर तिच्या बहिणींच्या रांगेत मला बसायचं आहे. घर विकायचं नाही, मंजू, आणि मी येत नाही. तूच ये. चर्चेत काय बोलायचं ते बोल, पण तुलाही सुतक लागलं आहे, एवढं कळवायला लिहिलं.

तुझीच,
आई