ज्याला काही ठेवलेले नाही असा साक्षीदार

मी, श्रीमती कॅथरिन हिलरी मच्याडो, वय वर्षे शहात्तर, राहणार नंदाखाल, तालुका वसई, जिल्हा पालघर, माझ्या मागे काय कोणाचे व्हावे ते या कागदावर लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉ. मीरा चुरी यांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्र गुडघ्यांवर उभे राहत नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. दडपण आणायला घरात दुसरे माणूस असावे लागते. आमच्या बोलीत लिहिले तर कोर्टाला कळायचे नाही, म्हणून शाळेत शिकले त्या मराठीत लिहीत आहे.

१. गेल्या नाताळानंतर मी माझ्या अकलेने एक मृत्युपत्र केले होते. ते मी रद्द करते. ते का रद्द केले हेही लिहिते, म्हणजे माझ्या मागे कोणी ‘म्हातारीचे मन फिरले’ असे म्हणू नये.

घर आणि वाडी मी आमच्या आळीतल्या एलिना मर्विन डायस हिला ठेवली होती आणि साक्षीदार म्हणून एलिना आणि तिचा नवरा मर्विन यांच्याच सह्या घेतल्या होत्या. चर्चमध्ये लग्न लागते तेव्हा साक्षीला आपण सगळ्यांत जवळचे माणूस उभे करतो. परक्याला कोण उभे करील? मला वाटले, मरणालाही तसेच असणार. माझ्या लग्नात माझी सख्खी बहीण साक्षीला होती आणि फोटोत माझ्यापेक्षा तीच जास्त हसली आहे.

तो कागद घेऊन मी माणिकपूरला वकील ज्ञानदा म्हात्रे यांच्याकडे गेले. काम एवढेच, की नोंदणी करावी लागते का ते विचारायचे.

“सक्ती नाही आजी,” त्या म्हणाल्या. “साध्या कागदावर हाताने लिहिलेलं चालतं. पण साक्षीदार हेच का? आणि घर कोणाला?”

“एलिनालाच.”

त्यांनी पेन खाली ठेवले. “ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रात साक्षीदाराला ठेवलेलं त्याला मिळत नाही. साक्षीदाराच्या नवऱ्याला, बायकोलाही नाही. म्हणजे हा कागद टिकेल, पण एलिनाच्या हातात काही पडणार नाही. तुमच्यामागे जवळचं कोण?”

“भाचा. केविन.”

“मग सगळं त्याचं.”

मी तिथेच पाणी मागून प्यायले. आधी विचारायला गेले असते तर एवढा घोटाळा झाला नसता. पण आम्ही माणसे वकिलाकडे भांडण झाल्यावर जातो, आधी जात नाही.

२. माझे राहते घर, घरामागची केळीची वाडी आणि वाडीतले बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचे तळे, हे सर्व मी एलिना मर्विन डायस हिला देते. ही जागा माझ्या वडिलांनी नोंदलेल्या बक्षीसपत्राने मला दिली असून सातबारा माझ्या एकटीच्या नावावर आहे. एलिना शेतकऱ्याची लेक आणि शेतकऱ्याची सून आहे. हेही वकिलीणबाईंनी विचारून घेतले.

एलिना उमेळ्याहून लग्न होऊन आमच्या आळीत आली तेव्हा तिला राजेळी केळे आणि साधे केळे यांतला फरक कळत नव्हता. आता सुकेळी तिच्याइतकी चांगली फक्त मी करते. ती दुपारी येते, केळी सोलते, मांडवावर उन्हात पसरते आणि सासूच्या तक्रारी सांगते. मी सासूची बाजू घेते, कारण कोणीतरी घ्यायला हवी. ज्या दिवशी ती येत नाही त्या दिवशी मी कोणाशीच बोललेली नसते. संध्याकाळी स्वतःचा आवाज ऐकायला मी मोठ्याने रोझरी म्हणते.

३. सुकेळी वाळवायचे बांबूचे मांडव, सुऱ्या, पाट्या सर्व एलिनालाच. मोठी सुरी डाव्या हाताची आहे, सांभाळून वापरावी.

४. माझा भाचा केविन याला मी विसरलेले नाही. तो माझ्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा. त्याला मी ओटीवरचा झोपाळा देते. तो येतो तेव्हा झोपाळ्यावर बसतो, “आत्या, या केळीत काय ठेवलंय? इथे सात मजले उठतील,” असे सांगतो आणि तिथूनच परत जातो. घरात येत नाही, तेव्हा घरातल्या वस्तूंशी त्याची ओळख नाही. लहानपणी मात्र याच झोपाळ्यावर तो माझ्या मांडीवर झोपत असे. म्हणून झोपाळा मी रागाने देत नाही.

५. बँकेत जे असेल त्यातून माझा अंत्यविधी करावा आणि उरेल ते चर्चला द्यावे. माझा नवरा हिलरी याच्या आणि माझ्या नावाने चर्चमध्ये प्रार्थनेच्या मिसा व्हाव्यात. पेटीतले लाल लुगडे मला नेसवावे. ते एलिनानेच नेसवावे, कारण हल्ली बाकीच्यांना काष्टा जमत नाही. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील ज्ञानदा म्हात्रे यांनी करावी.

६. आता साक्षीदारांविषयी.

ज्यांना यातून काही मिळत नाही अशी दोन माणसे हवी होती. एक डॉक्टरीणबाई तयार झाल्या. दुसऱ्यासाठी मी ओटीवर बसून नावे आठवत राहिले. फादरना विचारले, तर ते म्हणाले, चर्चला देणगी ठेवली आहेस, त्यात माझी सही नको. माझी बहीण गेली. माझ्या वयाच्या बायका एक तर गेल्या, नाही तर मुलांकडे गेल्या. माझी पायरी चढणारी माणसे मृत्युपत्रात आहेत, आणि मृत्युपत्रात नसलेली माणसे पायरी चढत नाहीत. हे मला आधी माहीत नव्हते असे नाही, पण कागदावर मांडल्यावर वाईट वाटले. फार वाईट वाटले. वकिलीणबाई आपल्या ऑफिसातला कारकून द्यायला तयार होत्या. भला माणूस आहे, पण त्याने माझे नाव दोनदा विचारले.

राहिला शेजारचा क्लेमेंट रुमाव.

हिलरी गेल्याच्या पुढच्या नाताळात क्लेमेंटच्या बकऱ्याने माझी मांडवभर सुकेळी खाल्ली. ऑर्डरची सुकेळी. मी जाब विचारला तर हा म्हणाला, “बकऱ्याला आवडली गो बाय, चांगलीच झाली असणार!” त्या दिवशी मी आमच्या दोन वाड्यांमधल्या, बावखलाकडे जाणाऱ्या फाटकाला कुलूप घातले. त्याच्या बापापासून त्या घरचे लोक त्याच वाटेने पाण्याला येत. तेव्हापासून आम्ही बोललो नाही. बकरा केव्हाच मेला, कुलूप राहिले. बकऱ्याला मी अजून माफ केलेले नाही.

परवा मी रस्त्याने वळसा घालून त्याच्या वाडीत गेले. तो केळीला टेकू देत होता.

“क्लेमेंट, मी मृत्युपत्र करतेय. तुला काही ठेवलेलं नाही.”

“ठेवशील असं वाटलं पण नव्हतं, बाय.”

“म्हणूनच आले. साक्षीदार पाहिजे.”

त्याने हात पुसले. “माझ्याशिवाय कोण मिळालं नाय?”

“नाही मिळालं.”

यावर तो हसेल असे वाटले होते. तो हसला नाही. “कधी येऊ?” एवढेच त्याने विचारले.

७. घरी आल्यावर मी वकिलीणबाईंना फोन करून विचारले, की बावखलाची वाट क्लेमेंटला मोकळी राहावी असे एक वाक्य घालू का? त्या म्हणाल्या, “अजिबात नको. साक्षीदाराला काही द्यायचं नाही, वाटसुद्धा नाही. द्यायचं असेल ते जिवंतपणी द्या.”

सबब, श्री. क्लेमेंट रुमाव यांना मी या मृत्युपत्राने काहीही देत नाही.

आज सकाळी मी फाटकाचे कुलूप काढले. गंजले होते, एलिनाने खोबरेल तेल सोडले तेव्हा निघाले. एलिनाला मी सह्या होईपर्यंत घरी पाठवले आहे. क्लेमेंटला कुलपाचे सांगितलेले नाही. आता ओटीवर बसून हे शेवटचे लिहीत आहे. डॉक्टरीणबाई आल्या आहेत आणि चहा नको म्हणत आहेत. क्लेमेंट अजून आलेला नाही. तो आला नाही तर हे सगळे नुसते लिहिलेले राहील आणि माझ्या केळीवर सात मजले उठतील.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने लिहिले, पुन्हा वाचले, ते मला मान्य आहे. प्रत्येक पानावर सही करीन, पण दोघे समोर बसल्यावरच.

ठिकाण : नंदाखाल
दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५

(सही) कॅथरिन हिलरी मच्याडो

साक्षीदार

१. श्रीमती मच्याडो यांनी आम्हा दोघांसमोर प्रत्येक पानावर सही केली व त्यांच्यासमोर मी सही करीत आहे. त्या पूर्ण शुद्धीत आहेत. चहा शेवटी घ्यावाच लागला.
(सही) डॉ. मीरा आत्माराम चुरी

२. कॅथरिनबायने डॉक्टरीणबाईंच्या आणि माझ्या देखत सही केली. तिच्या देखत मी करतो. मला यातून काही मिळत नाही हे मला माहीत आहे. उशीर झाला, कारण रस्त्याने निघालो होतो. अर्ध्यावर असताना फाटक उघडे दिसले. मग मागे वळून फाटकातून आलो.
(सही) क्लेमेंट रुमाव