पपांच्या चार ओळी

ब्राँक्स, न्यूयॉर्क
सोमवार, ३ जून १९९१

प्रिय पपा,

आशीर्वाद द्या. मी बरी आहे, खोकला गेला. नेरेइदा आत्या, पपांना हे वाचून दाखवताना एकही ओळ गाळू नकोस.

आधी एक दुरुस्ती. माझं पहिलं साल्सा गाणं एका दमात रेकॉर्ड झालं, असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं. ते खरं नाही. अकरा वेळा गावं लागलं. तीन वर्षं मी क्लबांमधून नाचाची पॉप गाणी केली, म्हणजे टेप वाजायची आणि मी ओठ हलवायचे. इथे बारा माणसं समोर बसून वाजवतात. कोरस आपली ओळ म्हणतो आणि मधल्या रिकाम्या जागेत गाणाऱ्याने तिथल्या तिथे स्वतःच्या ओळी रचायच्या. तुम्हाला हे मी काय सांगणार!

मी तोंड उघडलं आणि क्लावेच्या ठेक्यात उलटी पडले. बोंगोवाला ओरडला, "अगं बाई, बस चुकली तर दुसरी येते. क्लावे चुकलीस तर सरळ घरी जा!" सगळे हसले. तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर दोन चमचे आपटून क्लावे शिकवली होती, मी नीट बोलायला लागायच्या आधी. बँड एफ्राइनचा, पियानोवर तोच. तो हसला नाही. म्हणाला, "टेप संपली, पोरी. आता तुझं काय आहे ते बोल."

माझं काहीच नव्हतं, पपा.

आत्या फोनवर सांगते, तुम्ही ते गाणं रोज लावायला लावता. मेंदूला झटका आल्यापासून तुम्हाला शेजाऱ्यांची नावं आठवत नाहीत, पण शेवटच्या चार ओळी आल्या की हात वर करता. म्हणता, "ही पोर कुणावर गेली? मला असं कधी जमलं नाही." मी त्यावर नुसती हसले.

अकराव्या वेळी मी जे गायले, ते मम्मी गेली तेव्हाचं आहे. नवव्या दिवशीची प्रार्थना संपली आणि तुम्ही अंगणात उभे राहून गायलात. मी बारा वर्षांची होते, टेपरेकॉर्डर माझ्या मांडीवर चालू होता.

दोरीवरचा तुझा झगा
केव्हाच वाळून गेला,
काढायला गेलो तर वारा
म्हणाला, राहू दे त्याला.

एफ्राइनने डोळे पुसले. "कुठून आणलंस हे?"

"आत्ताच सुचलं," मी म्हणाले.

परवा तुम्ही आत्याला विचारलंत, "कुणाच्या झग्याबद्दल गाते ही?"

पपा, तो झगा मम्मीचा. ओळी तुमच्या.

आपल्या गावी, आरोयोत, कार्मेन मातेच्या जत्रेला आमचा बँड येतोय. एफ्राइनने बजावलंय, तिथे नव्या ओळी रचल्या नाहीस तर दुसरी मुलगी बघतो. महिनाभर मी वहीत खरडत होते. एकही ओळ उभी राहिली नाही. आता खरडणं बंद केलंय. तुम्ही पुढच्या खुर्चीत असाल. कोरस थांबला की मी तुमचं नाव घेईन, ह्या ओळी कुणाच्या ते साऱ्या गावाला सांगेन, त्या गाईन आणि माईक खाली ठेवीन. "कोण हा माणूस?" असं तुम्ही आत्याला विचाराल, ह्याची मला सगळ्यात भीती वाटते. विचारलंत तरी सांगणार आहे.

त्या दिवसाची धास्ती घेऊन बसलेली, तुमची

इव्हेलिस

ता. क. जत्रेतलं आमचं गाणं मंगळवारी, १६ जुलैला आहे.