दिवेलागणीला लावलेलं दार

नैरोबी, मंगळवार, दुपारी साडेचार

स्वाहिलीतली प्रार्थना आज न अडखळता म्हटली, फादर खूश झाले. आईला सांगावं म्हणून पारोळ्याला व्हिडिओ कॉल केला. तिकडे दिवेलागण झाली होती आणि तिच्यामागे दार लावलेलं. या वेळेला दार लोटलं तरी 'लक्ष्मी परत जाईल' म्हणून ओरडणारी माझी आई!

"दार काबर लायेल शे?"

"वारा शे. तू जेवना का?"

वारा? तिच्या खिडकीतल्या तुळशीचं पान हलत नव्हतं. गावात सगळ्यांना मी नोकरीला गेलोय असंच सांगितलंय. मिशनरी व्हायला आलोय, हे कळलं की काय कुणाला?

तेवढ्यात दाराची कडी वाजली. आईने देवापुढचा, घरात तेवढाच पेटलेला दिवा फुंकून विझवला. स्क्रीन काळी झाली. कॉल मात्र चालूच होता.