पापणीचा भार

४ फेब्रुवारी

चि. भिंगोबास,
अनेक आशीर्वाद.

चष्म्याच्या दुकानात तू भिंगं घासायचं नवं मशीन आणलंस, हे भावजयबाईंकडून कळलं. आता तरी गिऱ्हाइकांना वेळेवर चष्मे मिळतील.

माझं म्हणशील तर सध्या मी बस चालवत नाही. घाबरू नकोस, बस आणि मी दोघी धड आहोत. मागच्या आठवड्यात चौकातला सिग्नल लाल झाला आणि मला तो दिसलाच नाही. कंडक्टर ओरडला तेव्हा ब्रेक दाबला. सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका आजोबांपासून हातभरावर गाडी थांबली. ते तसेच पुढे गेले. मला मात्र जेवण गेलं नाही.

डेपोच्या डॉक्टरांनी सांगितलं, की माझ्या वरच्या पापण्यांची कातडी इतकी लोंबली आहे की डोळ्यांवर छज्जाच झालाय. वरचं दिसावं म्हणून मी नकळत हनुवटी उचलून चालवत होते. डेपोत मला गर्विष्ठ म्हणतात, त्याचं कारण आत्ता कळलं. ही जादा कातडी कापून टाकायची आहे. तोवर मला हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलंय. बेवारशी छत्र्यांवर राज्य करते आहे.

खरं सांगू? भीती वाटते रे. डोळ्याशी सुरी म्हणजे काय खेळ आहे? आणि गाडी परत मिळाली नाही तर मला दुसरं काय येतं?

चार ओळी धीराच्या लिही.
तुझी बसवाली ताई

२ मार्च

चि. भिंगोबास,
आशीर्वाद.

तुझं पत्र पर्समध्ये ठेवूनच ऑपरेशनला गेले. सगळं नीट पार पडलं, टाकेही निघाले. खिडकीत बसले की मान न उचलता समोरची गच्ची दिसते. इतकं आभाळ कुठे होतं इतके दिवस, असं वाटलं.

पण जे दिसतं ते स्वच्छ नाही. अक्षरांना सावल्या येतात, रस्त्यावरच्या दिव्यांना काटे फुटतात. माझाच चष्मा लावला तर कुणा दुसऱ्याचा लावल्यासारखं होतं. झोपेत पापण्या पुरत्या मिटत नाहीत, सकाळी डोळ्यांत वाळू भरलेली असते. दुखणं बरं करायला गेले आणि होते ते डोळे घालवून बसले की काय?

एप्रिलच्या सुरुवातीला डेपोत नजरेची तपासणी आहे. इथल्या दुकानातून नंबर काढून घेतलाय, सोबत पाठवते. ताबडतोब चष्मा बनवून धाड. तुझ्या ताईचा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

वाट पाहते.
ताई

८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चष्मा बनवत नाही. आधी मला पोटभर शिव्या घालून घे, मग पुढे वाच.

नंबर बरोबर असेल, पण तो टिकणारा नाही. बुबुळाच्या पुढे जी पारदर्शक काच असते, डॉक्टर तिला कॉर्निया म्हणतात. ती माझ्या दुकानातल्या भिंगासारखी टणक नसते. इतकी वर्षं तुझी जड पापणी तिच्यावर टेकून होती आणि त्या भाराने तिची गोलाई किंचित बदलली होती. तुझा जुना चष्मा त्या दबलेल्या गोलाईच्या मापाचा. आता भार उतरलाय, ती आपली ठेवण बदलते आहे. त्यात सूज आणि कोरडेपणा. आज चष्मा बनवला तर महिन्याभरात तो फेकावा लागेल. माझ्याकडे येणारे डोळ्यांचे डॉक्टर अशा वेळी साधारण तीन महिने थांबायला सांगतात.

वाळूचं दुखणं मात्र अंगावर काढू नकोस. उघडी राहून कोरडी पडलेली ती काच खरचटते, आणि खरचटली तर कायमची गढूळ होऊ शकते. पत्र वाचून झालं की तुझं ऑपरेशन केलेल्या सर्जनबाईंकडे जा. हात जोडून सांगतो.

राग ओसरल्यावर लिही. नाही ओसरला तरी लिही.
तुझा भिंगोबा

१२ एप्रिल

चि. भिंगोबास,
आशीर्वाद, जरा उशिराने.

तुझा इतका राग आला होता की पत्र कपाटात टाकलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी डोळे उघडवेनात, तेव्हा मुकाट्याने सर्जनबाईंकडे गेले. त्यांनी डोळ्यांत पिवळं औषध घालून निळ्या दिव्याखाली पाहिलं. तू म्हणतोस त्या काचेच्या खालच्या कडेला कोरडे ठिपके पडले होते. आता दिवसा थेंब आणि झोपताना मलम, पापण्यांवर चिकटपट्टी. आणखी थांबला असतात तर महागात पडलं असतं, म्हणाल्या. मला कुणी पाठवलं ते विचारलं. मी सांगितलं, भावाने. यापुढेही त्याचंच ऐका, असं त्यांनी बजावलंय. डोक्यात हवा जाऊ देऊ नकोस.

तपासणीला मात्र गेले नाही. साहेबांना स्पष्ट सांगितलं, की मला अजून नीट दिसत नाही, अशा डोळ्यांनी मी माणसं घेऊन जाणार नाही. माझा मार्ग दुसऱ्याला दिलाय. घरी येऊन रडले. मग रडल्याने डोळे ओले राहतात, तेवढाच फायदा, असं वाटून हसू आलं.

सावल्या थोड्या विरळ झाल्यात. तुम्ही दोघं जपून राहा.
ताई

१९ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या पत्राला तिकीट नाही. ते मी तुझ्या दाराच्या पायरीवर बसून लिहितोय.

जूनमध्ये तुझा नवा नंबर आला तेव्हा तो जुन्याशेजारी ठेवून कितीतरी वेळ पाहत होतो. नंबरातला तिरपा भाग, म्हणजे काचेच्या वाकड्या गोलाईचा, चांगलाच बदललाय. तुझी भिंगं मी मशीनवर घातली नाहीत, हाताने घासली. मग तू तपासणीत पास झाल्याचं आणि तुझा मार्ग परत मिळाल्याचं कार्ड आलं. दुकान बायकोवर सोपवून निघालो.

स्टेशनबाहेर तुझीच बस येईपर्यंत थांबलो. गर्दीतून चढून, टोपी ओढून, शेवटच्या सीटवर बसलो. बोललो नाही, कारण चालकाशी बोलू नये अशी पाटी आहे. तुझी मान सरळ होती, हनुवटी खाली. पिवळा दिवा लागला की बस आपसूक मंदावायची. शेजारच्या बाई म्हणाल्या, या ड्रायव्हरबाईंच्या गाडीत बिनघोर डुलकी काढता येते. ती माझी बहीण आहे, असं सांगणार होतो, पण टोपी आणखी खाली ओढली.

काम संपवून सावकाश ये. मी इथेच आहे.
तुझा भिंगोबा

(त्याच कागदावर, खाली पेन्सिलीने)

पायरीवर घोरतोयस, उठवावंसं वाटेना, म्हणून इथेच लिहिते.

ड्रायव्हरच्या डोक्यावर एक लांबलचक आरसा असतो, वेड्या. त्यात अख्खी बस दिसते. तू चढलास तेव्हाच दिसलास, आणि टोपीआडून डोळे पुसलेस तेही दिसलं. पुढचे थांबे कसे घेतले, माझं मला ठाऊक.

चहा टाकलाय. दार उघडं आहे.