साहेबाच्या पुस्तकातली ओवी

बीड, श्रावण वद्य पंचमी, सायंकाळ

मन ठिकाणावर नाही. विलायती अखबारात लिहिणाऱ्या साहेबाचं पुस्तक सकाळी तहसीलदारांनी दाखवलं. याच पुस्तकानं तो बातमीदाराचा ग्रंथकार झाला म्हणे. त्यात माझी ओवी आहे, पण पालीच्या सारजाबाईच्या नावानं! खोटं मीच बोललो होतो. साहेब गावोगाव ओव्या टिपत फिरला, तेव्हा मी त्याचा दुभाषी. जात्यावरची सारजाबाई परक्यापुढं गाईना, म्हणून माझ्याच ओळी तिच्या म्हणून सांगितल्या. जन्मभर पोरांना कविता शिकवल्या. माझी छापली ती अशी.

आता साहेब परवा येतोय, ती तिच्या तोंडून ऐकायला. खरं सांगून टाकावं का?

दुपारी पालीला गेलतो. सगळं ऐकून सारजाबाई हसली. "एवढंच व्हय, गुरजी? शिकवा की मला."

शिकवली. 'पीठ सांडे जणू चांदणं' इथं ती अडली. "कुठलं चांदणं? पीठ सांडलं तर सासू बोलती!" आणि तिनं म्हटलं, 'पीठ सांडू देईना बाई, जागी सासू ओसरीला.'

माझ्या चांदण्याहून लई सरस. साहेबाला 'ओवी माझी' म्हणणार होतो, आता तेही पुरतं खरं राहिलं नाही. तरी परवा ऐकायला सगळ्यांत पुढं मीच बसणार.