कारणाचा रकाना

शिकागो, २ मार्च १९४२

ती. हेडीताईस,
लोथारचा सा. न. वि. वि.

चामड्याच्या कारखान्यात लागलो. हातांचा वास जात नाही, पण पोट भरतं. कॉलेज अर्ध्यावर सोडलं म्हणून तू अजून फुगलेली असशील. फुग खुशाल! ज्या गोऱ्यांच्या वर्गात लुव्हीनियाला पाय ठेवता येत नाही, तिथे बसून मी काय शिकणार होतो? आपले पपा काळ्या मुलांच्या कॉलेजात शिकवतात म्हणून तर ती मला भेटली. आणि त्याच गावात तिच्याशी लग्न करणं गुन्हा! इथे कायदा आडवा येत नाही. ईस्टरला मी तिला न्यायला येतोय.

अडचण एकच. बर्लिनने ज्यू म्हणून हाकललं, आणि युद्धात उतरल्यापासून या देशात आपण जर्मन, म्हणजे शत्रू. शहराबाहेर जायला परवाना लागतो. अर्ज दिलाय. प्रवासाचं कारण विचारलं होतं, तिथे स्वच्छ लिहिलं: वाग्दत्त वधू लुव्हीनिया पेटिग्रू हिला आणणे. कॉलेजचं नावही घातलं. सरकारी कागदात रकाना रिकामा सोडायचा नाही, ही पपांचीच शिकवण. तिला बॅग भरायला सांग.

रागाव, पण उत्तर धाड.
तुझा लोथार

अलाबामा, १५ मार्च

चि. लोथारास आशीर्वाद आणि एक थोबाडीत.

अरे गाढवा, तुझा अर्ज चौकशीला इथल्या शेरीफकडेच आला! तो कागद नाचवत पपांच्या वर्गात शिरला. पपा जन्मात पहिल्यांदा सरकारी माणसाशी खोटं बोलले: म्हणे पोराचं डोकं फिरलंय, मुलीला यातलं काही ठाऊक नाही. मग शेरीफने लुव्हीनियाला सगळ्यांसमोर उभं केलं. ती म्हणाली, असा कुणी मुलगा मी पाहिलेला नाही. आवाज जरा हलला नाही तिचा. दिवस मावळायच्या आत तिच्या वडिलांनी तिला क्लीव्हलंडला आत्याकडे धाडलं.

प्राचार्य पपांना म्हणाले, प्रोफेसर, तुमचा मुलगा चुकला तर दुसरं गाव गाठतो, आमची मुलगी चुकली तर अख्खं कॉलेज जाळतील. पपांनी त्यांची माफी मागितली. जातील कुठे? एकवीस विद्यापीठांनी नाही म्हटल्यावर याच लोकांनी जागा दिली.

पदवीला तीन महिने उरले होते रे तिचे! स्टेशनवर एवढंच म्हणाली की लोथारने सरकारला विचारलं, मला नाही विचारलं. आत्याचा पत्ता सोबत देतेय; पपांना कळू देऊ नकोस.

तब्येत सांभाळ, आणि जिभेआधी लेखणी आवर.
हेडी

शिकागो, ९ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

मुलगीच गावात नाही, म्हणून शेरीफने हरकत नसल्याचा शेरा मारला. परवाना आला: दहा दिवस, फक्त अलाबामा. क्लीव्हलंडसाठी नवा अर्ज करायचा, म्हणजे पुन्हा तिचं नाव. ते मी आता कुठल्याही सरकारी कागदावर लिहिणार नाही. तिला पत्र टाकलं, माफी मागितली, आणि पहिल्यांदाच विचारलं, की येशील का?

आज उत्तर आलं. लिहिते, की माझ्यावर आपला किती जीव आहे ते शेरीफपुढे मला नाकारताना तिला कळलं. पण घरात अर्धवट शिकलेला एक पुरे. पदवी हातात आल्याशिवाय ती कुणाची बायको होणार नाही. आणि परीक्षा त्याच कॉलेजात, जिथे तिला आता तोंड दाखवायची सोय नाही. शेवटी म्हणते, तिथे राजरोस जायचा परवाना आपल्या दोघांत तुझ्याकडेच आहे लोथार, नीट जपून ठेव.

उरलासुरला लोभ असू दे.
लोथार